बाहेर काढलेली कुपी

फोन आला तेव्हा मी सुरतेतल्या नवागामच्या आमच्या खोलीत भाकरी थापत होते. लॅबमधली हेतल बोलत होती, ‘मासी, मॅडम गयां...’ तव्यावरची भाकरी करपली तरी मी उभीच. नीलिमा मॅडम आजारी आहेत हे ठाऊक होतं. पण त्याच्या आदल्याच आठवड्यात दवाखान्यात त्यांनी मला विचारलं होतं, ‘बर्फ साचू देतेस ना गं?’ आणि हसल्या होत्या. त्या हसण्यामागची गोष्ट सांगायची आहे.

मी धुळ्याकडची, सातवीत शाळा सुटलेली. लग्नानंतर सुरतेला येऊन साड्यांचे धागे कापले, मग मॅडमच्या लॅबमध्ये काचेची भांडी धुवायला लागले. मॅडम नाशिकच्या, पण रोज सकाळी माझ्या अहिराणीत विचारायच्या, ‘काय व्हयनं, मंगल?’ म्हणजे काय झालं. सूर हमखास चुकायचा. त्यांचं काम पेशींमध्ये निरोप पोचवणाऱ्या एन्झाइमांवर. ती डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना नेमकी चिकटणारी अँटिबॉडी लावली की फिल्मवर काळी रेघ उमटते. ‘तुझा नवरा कापडाच्या लूमवर आहे ना? एक अँटिबॉडी सांगते, लूम जागेवर आहे. दुसरी सांगते, लूम चालू आहे. मला ती दुसरी हवी.’ असं समोर बसवून मला कधी कुणी समजावलं नव्हतं.

त्या दुसऱ्या अँटिबॉडीच्या इवल्याशा कुप्या डीप फ्रीजरमध्ये असत. मला स्वच्छतेचं वेड... शनिवारी सगळे गेले की मी फ्रीजर बंद करायची, कुप्या ओट्यावर मांडायची, बर्फ खरवडायची, एकेक कुपी पुसून परत ठेवायची. मग फिल्मवर रेघ उमटेनाशी झाली. मॅडम महिनाभर पेशींना दोष देत राहिल्या. हेतलचा प्रबंध अडला, ती रडकुंडीला आली. एकदा मॅडम तिला म्हणाल्या, ‘वितळवून पुन्हा पुन्हा गोठवली तर अँटिबॉडी निकामी होते. पण आपल्याकडे तसं कोण करेल?’ माझ्या हातातला फडका तिथंच थांबला.

दोन दिवस मी खाली मान घालून भांडी धूत राहिले. सांगितलं तर नोकरी जाणार. न सांगितलं तर ती पोर अडकून राहणार. तिसऱ्या सकाळी ‘काय व्हयनं?’ आलं आणि माझ्या तोंडून निघालं, ‘चूक व्हयनी, मॅडम.’ सगळं सांगितलं. त्या फ्रीजर उघडून म्हणाल्या, ‘इतका लख्ख फ्रीजर मी जन्मात पाहिला नाही. रागावू तरी कशी? लूम समजावला, फ्रीजर समजावायचा राहिला. चूक माझी.’

नवी अँटिबॉडी आली तेव्हा एकेका वापरापुरते वाटे त्यांनी माझ्याच हातून करवून घेतले. कुप्यांवर नावं मात्र त्यांनी लिहिली. माझं अक्षर दाखवायची मला लाज. नियम एकच, बाहेर काढलेली कुपी परत ठेवायची नाही.

मॅडमना जाऊन महिना झाला. परवा हेतलनं कुपी मागितली. डब्यात त्यांच्या अक्षरातली एकच उरली होती. ती काढून मी म्हटलं, ‘ही राहू दे ना गं...’ कुपी माझ्या मुठीत होती, आणि मुठीच्या उबेनं आतलं थेंबभर वितळलंसुद्धा. आता परत ठेवणं म्हणजे... मी ती हेतलच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी फिल्मवर रेघ आली, काळी, ठसठशीत.

नव्या कुप्यांवर आता मीच नावं लिहिते. फ्रीजरच्या कडेला बर्फ साचलाय. शनिवारी हात शिवशिवतात. मी फडक्याची घडी करून ठेवते.