बिनकेमिकलच्या काकू

लग्नाच्या पंगतीत लोणचं वाढणारा समोर आला की आमच्या शेजारच्या कौशल्याकाकू पानावर हात आडवा धरत. "कोन्या कंपनीचं हाय?" असं विचारत आणि उत्तराची वाट न बघता शेजारच्या बाईला सांगत, "केमिकल असतंय यात. अंगावर गांधी उठत्यात. लेकराला तर दाखवू बी नका." ती बाई घाबरून बोटाला लागलेलं लोणचंही पुसून टाके. पंगत उठेपर्यंत काकूंच्या दोन-चार बरण्यांची मागणी पक्की झालेली असे.

काकू लासूर स्टेशनकडच्या, शेतकरी घरातल्या. मुलाला शेंद्र्याच्या कारखान्यात नोकरी लागली तशा त्या शहरात आल्या आणि घरीच लोणची करून विकू लागल्या. लसणाचं लोणचं ही त्यांची खासियत. प्रत्येक बरणीवर ठळक अक्षरांत 'बिनकेमिकल' असं छापलेलं, त्यामुळे गल्लीत त्यांचं नावच तसं पडलं होतं. स्वतःच्या खरेपणावर बोलायला लागल्या की कीर्तनकारानेही वीणा खाली ठेवावी. तरी मला त्या फार आवडत. मी त्यांच्या शेजारची भाडेकरू, शाळेत शिकवणारी, एकटी. आज डब्यात काय नेलंस, असं मला विचारणारं या शहरात दुसरं कोणी नव्हतं.

एका हिवाळ्यात काकूंच्या डाव्या हाताची बोटं सोलवटायला लागली. भेगा पडल्या, रात्रंदिवस खाज. "त्या पंगतीतलं कंपनीचं लोणचं लागलं आसंल हाताला," असं निदान त्यांनी स्वतःच केलं. त्या सुमारास सरकारी दवाखान्यातल्या एक तरुण डॉक्टरीणबाई एक तपासणी करत होत्या. लोणचं, सरबत, सॉस टिकावं म्हणून त्यात सोडियम बेंझोएट घालतात, त्याने माणसाच्या कातडीला ॲलर्जी होते का, हे त्यांना पाहायचं होतं. मी काकूंना ते सांगितलं तर त्यांचे डोळे चमकले. "म्हंजी सरकारी सबूत! कागद मिळाला की क्रांती चौकातल्या दुकानातून फ्रेम करून आणते आन् दारात लावते." बोटांचं दुखणं त्या क्षणापुरतं विसरल्या असाव्यात.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. निरनिराळे पदार्थ लावलेल्या पट्ट्या पाठीवर चिकटवायच्या, दोन दिवस पाठीला पाणी लावायचं नाही, जिथे लाल होऊन उठेल तो पदार्थ दोषी.

"अंघोळ नाय? मंग देवपूजा कशी करू?" काकूंनी विचारलं.

"देवाला माझं नाव सांगा," बाई म्हणाल्या. मग त्यांनी काकूंची बोटं पाहिली आणि बेंझोएटच्या जोडीला मोहरी, हळद आणि लसणाचीही पट्टी लावायची ठरवली. "आणि काकू, बेंझोएट उठलं तर त्याला जन्मभर हात लावायचा नाही हं."

"जलमभर?" काकूंचा चेहरा पडला. "मंग लोणचं टिकायचं कसं?"

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या हात धुण्याच्या सूचना वाचू लागले.

दवाखान्याच्या फाटकापाशी काकूंनी मला गाठलं. "काय बघायलीस? गिऱ्हाईक म्हनतंय, बीपी हाय, मीठ कमी घाला. हृदयाचं दुखनं हाय, तेल कमी घाला. केमिकल तर नकोच. आन् बरनी मातर वरीसभर टिकली पायजे! मी काय जादूगार हाय व्हय?" मीही कमी तेलाचीच बरणी मागणाऱ्यांपैकी होते.

ते दोन दिवस काकू भिंतीला पाठ न टेकता बसून होत्या. अडचण अशी होती की निकाल कसाही लागला तरी त्या बुडत होत्या. "उठलं तर हात लावता येत नाय, लोणचं नासतंय. नाय उठलं तर जलमभर बोंबललेलं सगळं खोटं," असं म्हणून त्या उसासा टाकत आणि मग, "एका जागी लई खाजायलंय गं, बघ ना काय हाय तिथं," असं म्हणून पाठ फिरवत. पट्टीखालचं मला काय दिसणार?

पट्ट्या निघाल्या. बेंझोएटची जागा स्वच्छ. लसणाची जागा लालभडक, फोड आलेली. लसूण सोलताना तो डाव्या हाताच्या बोटांतच धरतात, हे बाईंनी दाखवलं तेव्हा काकूंना पटलं. बाई आनंदाने म्हणाल्या, "तुमच्यापुरतं तरी बेंझोएट निर्दोष आहे."

"निर्दोष नका म्हनू बाई," काकू हात जोडून म्हणाल्या. "धंदा बसंल माझा."

धंदा बसला वगैरे काही नाही. आठवड्याभरात काकू गिऱ्हाइकांना सांगत होत्या, "सरकारी दवाखान्यात तपासून आले. पाठीवर हे एवढं उठलं! डॉक्टरीणबाईंनी सोत्ता बघितलं. इचारा हिला." मी मान हलवत असे, कारण यातलं अक्षरही खोटं नव्हतं. काय उठलं, ते कोणी विचारत नव्हतं. लसूण सोलायला त्यांनी रबरी हातमोजे घेतले आणि त्याचाही गाजावाजा केला. "आमच्यात लोणच्याला हात बी लागत नाय!" मला त्यांचा रागही यायचा आणि हसूही आवरायचं नाही.

मुलाची पुण्याला बदली झाली तेव्हा निघायच्या दिवशी त्या माझ्या दारात आल्या. हातात एक बरणी होती, तिच्यावर काहीच छापलेलं नव्हतं. "ही तुझ्यासाठी येगळी केली. हिच्यात नाय घातलं. महिन्याच्या आत संपव, नायतर बुरशी येईल." मग माझ्या गालावरून हात फिरवून टेम्पोत जाऊन बसल्या.

काकूंचं बोलणं मनावर घ्यायची माझी सवय केव्हाच सुटली होती. पुरवून पुरवून खावं म्हणून मी ती बरणी जपून ठेवली. दीड महिन्याने झाकण उघडलं तर आत बोटभर पांढरी बुरशी. बरणी घासताना मला रडू आलं.