'शिक्षा' या शब्दाची वही

शास्त्र वाचायची माझी पद्धत कडक होती आणि मला तिचा गर्व होता, हे आधीच कबूल करतो. एक शब्द धरायचा. तो बायबलमध्ये कुठे कुठे आलाय ते मागच्या शब्दसूचीत शोधायचं, प्रत्येक वचनाच्या आधीचं-नंतरचं वाचायचं, आणि वहीत पट्टीने रेघ मारून डावीकडे संदर्भ, उजवीकडे सार लिहायचं. बायको सकाळच्या चहानंतर ओळीवर बोट ठेवून एक पान वाचायची नि पुस्तक मिटायची. मी तिला 'बोटवाली' म्हणून चिडवायचो. तीस वर्षं शाळेत काढलेली, मास्तरकी घरी तरी कशी सुटणार?

आम्ही आमगावचे, पण रविवारी गोंदियाच्या मंडळीत, म्हणजे चर्चला, जातो. तिथे प्रार्थना, उपदेश, सगळं हिंदीत. म्हणून माझं अभ्यासाचं बायबल हिंदी, शब्दसूची हिंदी, वही तेवढी मराठी. त्या वेळी मी धरलेला शब्द होता 'शिक्षा'. हिंदीत शिक्षा म्हणजे शिकवण. मला हे इतकं अंगवळणी पडलेलं होतं की वहीत उतरवताना शब्द बदलावा हे डोक्यातच आलं नाही.

आणि त्याच दिवसांत बायकोच्या छातीत गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली. उशीर करू नका, असं त्यांनी मला बाजूला घेऊन दोनदा सांगितलं. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी स्टेशनवरून तिकिटं काढून घरी आलो, तर बॅग रिकामी आणि ती सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेली.

"मी नाई येत," ती म्हणाली.

"काऊन?"

ती तांदळातले खडे वेचत राहिली. माझं डोकं फिरलं. सकाळची गाडी आहे, आता नाटकं कायले करून राहिली, असं नको ते बोलून गेलो. तेव्हा ती उठली, माझी वही घेऊन आली आणि पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. अक्षर माझंच. 'शिक्षा टाळणारा मूर्ख. शिक्षा नाकारू नये. देव ज्याच्यावर प्रेम करतो त्याला शिक्षा करतो.' शेवटच्या ओळीखाली ठसठशीत लाल रेघ.

"तुमीच लिवलं," ती म्हणाली. "देवानं देली त भोगाचीच. पळून कायले जाऊ?"

मला हसू फुटलं. जीव भांड्यात पडल्याचं हसू होतं ते, पण तिला ते चिडवणंच वाटलं. तिने तोंड फिरवलं आणि मी घाबरलो. घाईघाईने तिचंच मराठी बायबल काढलं. माझा शब्द हिंदी होता, त्याचा अर्थ दंड नव्हे, असं म्हणत एकेक संदर्भ दाखवू लागलो. कुठे 'बोध' होतं, कुठे 'शिक्षण'. ती घाई करू देईना. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून स्वतः वाचायची आणि मगच मान हलवायची. त्या लाल रेघेवरचं वचन अजून यायचं होतं. तिथे मराठीतही शिक्षाच आहे, हे मला ठाऊक होतं.

तिचं बोट तिथे थांबलं. "आन हे?"

मी सुरू झालो. हे कोणी कोणाला लिहिलं, आधीच्या ओळीत काय आहे, बाप लेकराला वळण लावतो म्हणजे काय. तिने हाताने थांबवलं.

"ते राहू द्या. माही गाठ शिक्षा होय का, तेवढं सांगा."

"नाही."

"कोणतं वचन?"

हा प्रश्न माझा. ती देवाविषयी काही बोलली की मी तिला याच प्रश्नाने अडवायचो. माझा हात वहीकडे गेला नि मी तो मागे घेतला.

"वचन नाही सापडत," मी म्हणालो. "मीच सांगून राहिलो. आन मले लय भेव वाटून राहिला."

मग तिने सूप बाजूला सरकवलं आणि बॅग पुढ्यात ओढली.

"गाठ निघून तीन हप्ते झाले," ती म्हणाली. "तुमाले भेव वाटते हे आज सांगून राहिले."