धुळाजीचं घोंगडं आणि बारा चकत्या

धुळाजीचा जन्म मेंढरांमागं गेला. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यानं कळप पुतण्याच्या हवाली केला आणि पालीजवळच्या एका कॉलेजात पहारेकरी झाला. नोकरी बसून करायची होती, पण बसेल तो धुळाजी कसला. दिवसातून चारदा तो सगळ्या खोल्यांवरून चक्कर मारी, कुलपं ओढून बघे आणि कळप मोजून झाल्यासारखी मान हलवी.

त्याचा जीव अडकला होता प्रयोगशाळेतल्या डीप फ्रीझरमध्ये. तिथं आष्टीची योगिता पीएचडीचं काम करायची. फ्रीझरमध्ये बारा डब्या होत्या आणि प्रत्येक डबीत नखाएवढी सिलिकॉनची एक चकती.

"ताई, यात हाय तरी काय?" त्यानं एकदा विचारलंच.

योगितानं सांगितलं, परदेशात जमिनीखाली एक भलंमोठं यंत्र आहे. त्यात अणूहून बारीक कणांची टक्कर होते आणि उडालेले कण कुठं गेले ते अशा चकत्या टिपतात. टिपता टिपता त्यांनाच मार बसतो, आतली घडण मोडते आणि वीज गळायला लागते. किती मार खाऊन चकती काम देते, ते तिला मोजायचं होतं. म्हणून या चकत्या आधीच किरणांचा मार खाऊन आल्या होत्या.

"म्हंजी जखमी हायेत," धुळाजी म्हणाला. "मग गारठ्यात कावून ठिवल्या?"

"गारच लागतं त्यांना, मामा," एवढं बोलून ती घाईनं तासाला गेली.

धुळाजीला हे काही पटलं नाही. गारठलेलं कोकरू उन्हात ठेवलं की उठतं, हे त्यानं शेकडो वेळा पाहिलं होतं. मार्चातल्या एका शनिवारी त्यानं एक डबी काढून खिडकीच्या पत्र्यावर उन्हात ठेवली. सोमवारी योगिताला ती तिथंच सापडली.

ती रडली. मग डोळे पुसून तिनं त्याला समजावलं, "थोडी ऊब मिळाली तर जखम जरा भरते, मामा. जास्त झाली की उलट चिघळते. आता हिनं किती ऊन खाल्लं ते कसं मोजायचं?" ती चकती मोजमापातून बाद झाली. उरलेल्या अकरांवर तिची तीन वर्षं उभी होती आणि तशा पुन्हा मिळणार नव्हत्या. एवढं होऊनही तिनं प्राचार्यांकडं धुळाजीचं नाव घेतलं नाही. बिचाऱ्याला तेच जास्त लागलं. दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही.

मे महिन्यात योगिता घरच्या लग्नाला आष्टीला गेली आणि त्याच दुपारी गावाला वीज पुरवणाऱ्या डीपीत बिघाड झाला. जनरेटर केव्हाचा बंद. धुळाजीनं फोन लावला.

"फ्रीझर उघडू नका, मामा. आतल्या बर्फाचं पाणी होण्याइतकं गरम झालं तर सगळं गेलं. काही करू नका, मी निघाले."

काही करू नका. धुळाजी झाकणावर हात ठेवून बसला. खोली भट्टीसारखी तापलेली. वैशाखात रानात असताना तो पाण्याच्या मडक्याला काय करायचा, ते त्याला आठवलं. पण मागं एकदा माया करायला गेला आणि नुकसान करून बसला होता. तो दोनदा उठला, दोनदा बसला. तिसऱ्यांदा उठला तो घरी जाऊन दोन्ही घोंगडी घेऊनच आला. एक त्याचं, एक बायकोचं, साखराबाईचं. त्यानं फ्रीझर चारी बाजूंनी गुंडाळला.

पाचाच्या सुमारास योगिता पोचली आणि दारातच थबकली. ऐन मे महिन्यात फ्रीझरला घोंगडं.

"मामा, काही करू नका म्हटलं होतं ना."

"घोंगडं पदरची ऊब देत न्हाई, ताई," धुळाजी खाली बघत म्हणाला. "आत जे हाय ते राखतं. मडकंबी आमी असंच झाकतो."

तिनं घोंगड्याची कड उचलून तापमापी पाहिली. उणे नऊ. पुन्हा पाहिली. मग ती तिथंच फरशीवर बसली, त्याच्या शेजारी.

दिवस कलताना लाईट आली. धुळाजी गुडघे विसरून उठला आणि त्यानं घोंगडी ओढून काढली. "चालू झालं की पाठ तापती याची, मोकळी पायजे."

योगितानं झाकण क्षणभर उघडून बंद केलं. "अकराच्या अकरा नीट आहेत, मामा. तुमच्यामुळं वाचल्या."

"बारा व्हत्या," तो म्हणाला.

योगितानं कपाटाचा खालचा कप्पा उघडून एक डबी काढली. ती वाया गेलेली चकती तिनं टाकली नव्हती. डबी तिनं बंदच त्याच्या हातावर ठेवली.

धुळाजीनं ती बराच वेळ धरून ठेवली. मग "बारा" म्हणाला आणि मान हलवली.