न ऐकलेली शिट्टी

सुरतच्या लिंबायतमध्ये आम्ही सगळे ओरडून बोलतो. बाहेरचा माणूस पहिल्यांदा आमच्या गल्लीत आला की त्याला वाटतं, इथे भांडण पेटलंय. भांडण नसतं. कोणी कोणाला जेवलास का विचारत असतं. यंत्रमागाच्या कारखान्यात आयुष्य घालवलेल्या बापाशी हळू बोलून चालत नाही, म्हणून पोरं लहानपणापासून मोठ्यानं बोलायला शिकतात आणि पुढे तीच सवय राहते. माझ्या सासरी पहिल्या दिवशी सासूनं विचारलं होतं, तुला राग आलाय का गं? मी फक्त पाणी मागितलं होतं.

तरी आमच्यात बहिरा कोणीच नाही. कोणालाही विचारा. 'मला चांगलं ऐकू येतं, तूच पुटपुटतोस,' असंच उत्तर मिळेल.

माझा बाप, आम्ही त्याला नाना म्हणतो, धुळ्याकडच्या गावातून सुरतेला आला तेव्हा त्याच्या पिशवीत दोन लंगोट होते आणि कपडे कमी होते, असं माय सांगायची. आमच्यात बापाला अरे-तुरेच करतात, तेव्हा मीही तसंच लिहिते. बारा तास माग चालवायचा आणि पाळी सुटली की तालमीत जायचा. आमच्या लोकांनीच वर्गणी काढून पत्र्याची शेड टाकलेली ती तालीम. आत लाल माती, तिच्यात ताक, हळद आणि तेल मिसळलेलं. नाना घरी आला की हळदीचा वास यायचा आणि खाली यंत्राच्या तेलाचा. मला अजून कुठे तो वास आला की रडायला येतं, मग चिडचिड होते आणि नवऱ्याला उगाच बोलणी बसतात.

तालमीत नानाचा एक जोडीदार होता. आमच्याच गावचा, त्याच कारखान्यात शेजारच्या मागावर. मी त्याला काका म्हणायचे. दोघं एका ताटात जेवायचे आणि संध्याकाळी एकमेकांना मातीत लोळवायचे. माय म्हणायची, 'बायको मी आणि संसार त्या दोघांचा.' कारखान्यात दिवसभर त्यांना वर मान करायची सोय नव्हती, तुटला धागा जोड आणि सेठची शिवी खा. मातीत मात्र त्यांना कोणी नाव ठेवत नव्हतं. तिथे गल्लीतले लोक त्यांना पैलवान म्हणायचे, आणि तेवढ्यासाठी माणूस उरलेला दिवस काढतो, हे मला फार उशिरा कळलं.

श्रावणात तालमीपुढच्या मोकळ्या जागेत कुस्त्यांची दंगल असायची. एका वर्षी शेवटची कुस्ती नाना आणि काकाची लावली. बायकांना मातीजवळ जायची मनाई होती, म्हणून आम्ही पोरीबाळी शेजारच्या घराच्या गच्चीवरून बघत होतो. मी शाळेत जाणारी पोर, पण कुस्ती मला समजायची. नानानं काकाला पालथा पाडला आणि हप्ते भरले. म्हणजे खालच्या गड्याच्या काखेतून हात घालून त्याचा खांदा वर उचलायचा आणि त्याला उताणा करायचा. डाव चांगला बसला होता. पण ओढाताणीत दोघं मातीच्या कडेला, बसलेल्या लोकांच्या पायांपाशी गेले. अशा वेळी पंच शिट्टी वाजवतो, दोघांनी सुटायचं आणि मधोमध येऊन पुन्हा धरायचं, अशी रीत.

पंचानं शिट्टी वाजवली. मला गच्चीवर ऐकू आली.

नानानं सोडलं नाही. उलट जोर केला. पंचानं हात वर करून पुन्हा वाजवली, पण नानाचं तोंड मातीकडे होतं. मग लोक धावले, कोणीतरी त्याच्या पाठीत लाथ घातली, तेव्हा त्यानं वर पाहिलं. काका उठला तेव्हा त्याचा उजवा हात नुसता लोंबत होता.

तो खांदा पुन्हा कधी धड झाला नाही. हाडवैद्य झाला, मोठा दवाखाना झाला. उजवा हात छातीच्या वर जाईना, आणि हात वर गेल्याशिवाय मागावर काम होत नाही. काका बायकापोरांना घेऊन सुरतेबाहेर कामरेजकडे निघून गेला, कुठल्याशा कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून.

आमच्या तालमीत प्रत्येकाचा लंगोट ज्याच्या त्याच्या खुंटीला असायचा. ज्याला तालमीतून काढलं, त्याचा लंगोट घडी करून घरी पोचवायचे. भांडण नाही, शिवीगाळ नाही. लंगोट दारात ठेवला की त्या माणसानं पुन्हा मातीला पाय लावायचा नाही. नानाचा लंगोट वस्तादानं स्वतः आणून दिला. नाना त्याच्यासमोर उभा राहून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "माले शिट्टी ऐकू नही उनी."

वस्ताद म्हणाला, "आम्ही काय मागावर नाही? आम्हाला बरी ऐकू आली."

आज मला कळतं की त्यांनी शिट्टी ऐकली नव्हती, पाहिली होती. पंचाचा वर गेलेला हात आणि फुगलेले गाल त्यांना दिसत होते, नानाला दिसत नव्हते. पण तसं मान्य केलं असतं तर अख्ख्या तालमीला मान्य करावं लागलं असतं की आपले कान कारखान्यानं खाल्ले. त्यापेक्षा एकाला बेइमान ठरवणं सोपं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! आणि कारखान्याला बोल लावणार तरी कोण, सगळ्यांच्या चुली त्याच्यावर. तेव्हापासून गल्लीत नानाची ओळख एकच राहिली: शिट्टीनंतर दोस्ताचा हात मोडणारा.

नाना त्यानंतर दंगल बघायला जायचा, पण लोकांना बसायला आखलेल्या दोरीच्याही बाहेर उभा राहायचा. त्याला एकच ध्यास लागला होता, काकाला भेटायचं आणि त्याच्या तोंडावर सांगायचं की मला ऐकू आलं नाही. माय होती तोवर तिनं जाऊ दिलं नाही. तिला भीती वाटायची, ते लोक ह्याला मारतील. माय गेली, नानाचं काम सुटलं, आणि एका सुट्टीच्या दिवशी मी नवऱ्याला रिक्षा काढायला लावली. नानाला म्हटलं, चल, तुझ्या मनातलं एकदाचं होऊन जाऊ दे.

कामरेजच्या त्या गेटवर काका खुर्ची टाकून रस्त्याकडे पाठ करून बसला होता. मी मागून हाक मारली, "काका!" तो हलला नाही. मग मला दिसलं की त्याच्यासमोर खांबाला रिक्षाचा जुना आरसा तारेनं बांधलाय. आरशात मी दिसले तसा तो चटकन उठला, जणू माझी हाकच ऐकली. मला ओळखलं नाही. पण मागे नानाला पाहिलं आणि त्याचं तोंड वेडंवाकडं झालं.

मारणं नाही, बोलणं नाही. काकानं डावा हात पुढे केला, नानानं धरला. पोरावर जीव टाकावा तसा नाना त्या हातावरून हात फिरवत होता. मग घरून घोकून आणलेलं वाक्य त्यानं म्हटलं, "माले शिट्टी ऐकू नही उनी." काका त्याच्या ओठांकडे बघत होता. मान हलवली आणि हातानंच, जाऊ दे, असं केलं. चहा आला. दोघं बाजेवर बसून चहा प्यायले आणि येणारे-जाणारे ट्रक बघत राहिले.

मी पेले विसळायला उठले तर काका माझ्या मागे आला. गेटच्या बाजूला पाण्याची मोटर होती. त्यानं तिच्यावर तळहात ठेवला. ती चालू आहे, हे हाताला कळलं, मग तो बोलला. त्याला वाटलं हळू बोलतोय. मोटर नसती तर ऑफिसात ऐकू गेलं असतं.

"पोरी, शिट्टी मी बी ऐकी नही व्हती. ऐकली असती तर अंग सैल सोडलं असतं. मी खालून जोर लावला, म्हणून खांदा गेला. तुझ्या बापाचा दोष नाही."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "मग इतकी वर्षं तोंड का शिवलं होतं? आमच्या घरी लंगोट आला, काका. माझ्या लग्नात तालमीतलं एक माणूस जेवलं नाही."

त्यानं माझे ओठ वाचले. ऑफिसकडे पाहिलं आणि म्हणाला, "बहिऱ्याले गेटवर कोन बसाडी?"

मोडका हात इथल्या सेठनं चालवून घेतला होता, गेट डाव्या हातानंही उघडतं. पण ट्रकचा हॉर्न न ऐकणारा वॉचमन कोण ठेवील? समोर ऑफिस आणि आरशात रस्ता, असा तो दोन्हीकडे नजर ठेवायचा; आरसा दाढीसाठी आहे, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं.

परतीच्या वाटेवर मी रिक्षा थांबवायला लावली, नानाचं तोंड माझ्याकडे वळवलं आणि सगळं सांगितलं. त्याला आनंद होईल असं मला वाटलं होतं. आधी तो चिडला. "मंग माले चोर का बनाडं?" असं म्हणून त्यानं रिक्षाच्या दांड्यावर मूठ आपटली. मग म्हणाला, कोणाला सांगू नको, त्याचा घास जाईल. त्याले बी ऐकू येत नही, हे मात्र तो घर येईपर्यंत मधेमधे म्हणत राहिला, एखाद्याच्या मरणाची बातमी कळल्यासारखा.

मी गप्प बसले. मला किती जड गेलं ते माझं मला ठाऊक. पाण्याच्या रांगेत बायका टोमणे मारायच्या आणि माझ्या जिभेवर उत्तर तयार असायचं.

गेल्या थंडीत काका वारला. त्याचं दिवसकार्य झालं, तसं मी नानाला म्हटलं, आता कोणाची नोकरी जाणार आहे? आता मी तालमीत जाऊन सांगते, आणि मोठ्यानं सांगते.

नाना म्हणाला, "तो जित्ता व्हता तवय मी बोलनू नही. आते कोन मानी?"

तरी मी गेले. नाही राहवलं. आताचा वस्ताद म्हणजे जुन्याचा मुलगा, तोही मागावरच. मी दारातूनच सगळं सांगितलं. त्यानं दोनदा "काय?" म्हणून विचारलं, उजवा कान माझ्याकडे केला, आणि सगळं कळल्यावर हसला. "ताई, मेलेल्या माणसाचं नाव पुढे करू नका. शिट्टी तर सगळ्या गल्लीला ऐकू आली होती." नाना बरोबर म्हणाला होता. जो खरं सांगू शकत होता तो पोटासाठी गप्प राहिला, आणि त्याच्या पोटासाठी आम्हीही. आता सांगायला मोकळीक आहे आणि साक्षीला कोणी नाही.

या श्रावणात पुन्हा दंगल झाली. हल्ली पोरींच्याही कुस्त्या लावतात आणि त्याच मातीवर लावतात. मी नानाला घेऊन गेले. त्याची नजर आता अधू झाली आहे, ओठ दिसत नाहीत, म्हणजे दुसऱ्यांचं बोलणंही गेलं त्याच्यापुरतं. तो नेहमीसारखा दोरीच्या बाहेर, माझा खांदा धरून उभा होता. आमच्या पुढे एक माणूस आपल्या पोरीला बोट दाखवून सांगत होता, तो म्हातारा बघ, ह्यानं शिट्टीनंतर दोस्ताचा हात मोडला. आमच्याकडची रीत, ओरडूनच सांगत होता.

नानाला एवढं कळलं की कोणीतरी आपल्याकडे वळलंय. त्यानं मला विचारलं, "काय म्हनी ऱ्हायनात?"

मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "म्हणतात, हा जुना पैलवान आहे."

त्यानं मान हलवली. "शिट्टीचंच म्हणत असतील," म्हणाला, आणि दोरीपासून आणखी थोडा मागे सरकला.