हाक मारायचं साधन

शाळेत बाईंना नावाने कोणी ओळखत नाही. मधल्या बोटाने चष्मा नाकावर वर ढकलायचा, ही त्यांची खूण. बावीस वर्षांपूर्वी त्या शाळेत रुजू झाल्या तेव्हा चष्म्याची फ्रेम ढिली होती आणि चष्मा सारखा घसरायचा. पोरांनी आठवड्याच्या आत नाव पाडलं. पुढे फ्रेम बदलली, चष्मा घसरायचा थांबला, नाव राहिलं. ती ऐकू न येणाऱ्या मुलांची शाळा, तिथे सगळ्यांना अशीच नावं. मुख्याध्यापक म्हणजे पोटावरून गोल फिरवलेला हात. वरच्या वर्गाच्या बाई म्हणजे खांद्यावरून मागे टाकलेली वेणी. आणि बाईंच्या वर्गातली सगळ्यात धाकटी मुलगी म्हणजे गालावर टेकवलेलं एक बोट. हसली की तिथे खळी पडते, म्हणून ती खळी.

खळी साडेपाच वर्षांची असताना शाळेत आली तेव्हा तिच्याकडे एकही शब्द नव्हता. बोलता येत नव्हतं एवढंच नाही. वस्तूंना नावं असतात हेच तिला ठाऊक नव्हतं. घरी तिला हाताला धरून जेवायला बसवायचे आणि हाताला धरून उठवायचे. बाई आठ महिने तिच्यासमोर पाण्याचा पेला ठेवून पाण्याची खूण करत राहिल्या. खळी माकडासारखी नक्कल करायची आणि हसायची. मग एके दिवशी मधल्या सुट्टीत तिने बाईंचा पदर ओढला, त्यांना नळापाशी नेलं आणि स्वतःहून खूण केली. पाणी. बाई नळावरच मटकन बसल्या आणि साडी भिजली. त्याच आठवड्यात दार, बूट, कुत्रा आणि आई हे शब्द आले. एका लांबट वहीच्या शेवटच्या पानांवर बाई तिचे शब्द लिहीत गेल्या. एकशे चाळीस झाले आणि शाळेचा स्लॅब कोसळला.

रविवार होता म्हणून कोणाला लागलं नाही. इंजिनिअरने दारावर लाल फुली मारली आणि दुरुस्तीला सहा महिने लागतील असं सांगितलं. वसतिगृहातली मुलं आपापल्या घरी गेली. वरून पत्र आलं: वर्ग मोबाइलवर घ्यावेत, त्यासाठी साधन निवडून कळवावं, दोन महिन्यांनी ज्या मुलाची हजेरी पंचाहत्तर टक्क्यांहून कमी भरेल त्याला इमारत होईपर्यंत घराजवळच्या साध्या शाळेत बसवण्यात येईल.

बाईंनी ते पत्र दोनदा वाचलं. मोठ्या मुलांचे शब्द आता पक्के होते, ती कुठेही तगली असती. खळीचे शब्द अजून ओले होते. साध्या शाळेत ती मागच्या बाकावर बसेल, कोणी तिच्याशी बोलणार नाही आणि सहा महिन्यांत सगळं पुसलं जाईल. असं पुसलेलं एक पोर त्यांनी पूर्वी पाहिलं होतं. ते पुन्हा आलं तेव्हा नऊ वर्षांचं होतं, आणि त्यानंतर त्याच्यात काही म्हणता काही रुजलं नाही.

"साधन तुम्हीच निवडा, बाई," मुख्याध्यापक फोनवर म्हणाले. "तुम्हाला यंत्रातलं कळतं. प्रिंटर नव्हता का तुम्ही दुरुस्त केला?"

"अडकलेला कागद ओढून काढला होता, सर."

"तेच ते. बाकीच्यांना तेवढंही जमलं नाही."

बाईंनी तीन ॲप घेतली आणि स्वयंपाकघरात ओट्यासमोर बसून वेणीबाईंबरोबर एकेक करून पाहिली. पहिल्यात चित्र स्वच्छ होतं, बोट न् बोट दिसायचं, आणि जो बोलेल तो पडद्यावर मोठा व्हायचा. दुसऱ्यात सगळे सारख्या चौकोनांत, पण नेटवर्क जरा ढिलं पडलं की बोटं एकमेकांना चिकटायची आणि पाचाची तीन दिसायची. तिसऱ्यात व्हिडिओ करून पाठवायचा, उलट उत्तर येत नाही. दुपारभरात निर्णय झाला. पहिलंच घ्यायचं, असं बाईंनी लिहून कळवलं आणि मुख्याध्यापकांनी ते अख्ख्या शाळेला लागू करून टाकलं.

सोमवारी दहा वाजता सहा मुलं पडद्यावर आली. बाईंनी हात हलवून सगळ्यांना नमस्कार केला. तेवढ्यात पडद्यावर एका माणसाची पाठ मोठी झाली. बनियन घातलेली, घामेजलेली, पुढेमागे हलणारी पाठ. खळीचा बाप सुतार होता, त्याचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली, आणि त्याने रंधा मारायला घेतला होता. ॲप आवाजाच्या मागे जात होतं. सहा मुलांपैकी कोणाचाच आवाज नव्हता, बाईंचाही नव्हता, म्हणून आवाज करणारा तो सुतार वर्गाचा मास्तर झाला होता. बाईंचं चित्र कोपऱ्यात टिकलीएवढं.

ॲप तपासताना हे दिसलं कसं नाही, बाईंना कळेना. मग आठवलं. त्या आणि वेणीबाई दोघी ऐकणाऱ्या, आणि एकमेकींशी खुणा करताना तोंडाने बोलायची दोघींनाही सवय. बहिऱ्या मुलांसाठी साधन निवडायला दोन बायका बसल्या होत्या, त्याही बडबडत.

मग बाईंनी उपाय काढला. हाताने खुणा करायच्या आणि तोंडाने सारखं मोठ्याने काहीतरी म्हणत राहायचं, म्हणजे ॲप आपल्याला मोठं करील. त्या एक ते शंभर आकडे ओरडून म्हणू लागल्या. रंधा जोरात चालला की त्याही आवाज चढवायच्या.

सासूबाईंना कमी ऐकू येतं, पण इतकंही कमी नाही. त्या बाहेरून आल्या. "अगं, कोणावर ओरडतेस एवढी?"

"मुलांना शिकवतेय, आई."

"ती बहिरी ना?"

"हो."

सासूबाईंनी थोडा विचार केला. "मला कधी एवढं ओरडून सांगत नाहीस ते."

बाईंचा नवरा आतून हसला. "चाळीस, एक्केचाळीस! चुकू नकोस हं, मी मोजतोय."

बाईंना हसू आलं नाही. खळी तिसऱ्या मिनिटालाच बाजूला बघू लागली होती. तिथे लाकडाच्या सालपटांचा ढीग होता. शाळेत अशा वेळी बाई फळ्यापुढच्या लाकडी चौथऱ्यावर पाय आपटायच्या. पायाखालची जमीन थरथरली की मुलं वळून बघत. बाईंनी सवयीने स्वयंपाकघराच्या फरशीवर पाय आपटला. दोनदा, तीनदा. खालच्या मजल्यावरची शेजारीण वर आली आणि म्हणाली, "काही पडलं का हो?"

दुसऱ्या आठवड्यात बाईंनी आपली चूक कबूल करून साधन बदललं. मुख्याध्यापक म्हणाले, "अहो, सगळ्या शाळेला कळवून बसलोय मी." नव्या ॲपमध्ये सगळे सारख्या चौकोनांत आले, पण खळीच्या घराकडे नेटवर्क असं होतं की बाईंची बोटं तिच्यापर्यंत पोहोचेतोवर त्यांचा लगदा व्हायचा. 'बूट' आणि 'दार' तिला सारखेच दिसत. ती थोडा वेळ डोळे बारीक करून बघायची, मग उठून जायची. मोबाइल तसाच चालू राहायचा आणि त्यात सालपटं दिसत राहायची. मोबाइल चालू असेपर्यंत ॲप तिला हजर धरायचं. पत्राच्या हिशोबाने खळीचं सगळं ठीक चाललं होतं.

पाचव्या आठवड्यात एकदा ती समोर टिकली. बाईंनी पेला उचलून दाखवला आणि भुवया उंचावल्या. हे काय? खळीने बोट तोंडाकडे नेलं आणि तोंड उघडलं. शाळेत यायच्या आधी करायची तसं. बाईंनी पुन्हा पेला दाखवला. खळीने पुन्हा तोंड उघडलं.

वर्ग संपल्यावर बाईंनी वही काढली आणि 'पाणी'वर पेन्सिलीने बारीक रेघ मारली. शाईने मारायचा धीर झाला नाही. त्याआधीच 'बूट' गेला होता, 'कुत्रा' गेला होता, 'कात्री' गेली होती. त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. नवरा पाणी प्यायला आला आणि ओट्यावरची भांडी आवरून परत गेला. तो असं कधी करत नसे.

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला, वर्ग सुरू करण्याआधी, बाईंनी सुताराला फोन लावला. बराच वेळ वाजला.

"बाई, माफ करा, मी मागे होतो," तो म्हणाला. "फोन हिनेच आणून दिला."

"कोणी?"

"आमच्या पोरीने."

"तिला कसं कळलं फोन आला ते?"

"तेच तर. फोन थरथर करतो ना, तसा लावलाय; रंध्याच्या आवाजात मला तरी कुठे ऐकू येतं? फळीवर ठेवला होता आणि ही त्याच फळीवर बसली होती. टुणकन उठली."

पाच आठवडे बाई हिला हाक मारायचं साधन शोधत होत्या.

"मी आता फोन ठेवते," त्या म्हणाल्या, "आणि व्हिडिओवर लावते. फोन फळीवरच असू दे. तिलाच उचलू दे."

खळीने उचलला. एकटीलाच लावलेला तो फोन होता, म्हणून चित्रही बरं होतं. बोटं सुटी सुटी दिसत होती. खळी बाईंकडे बघत राहिली आणि मग मधल्या बोटाने तिने स्वतःच्या नाकावर नसलेला चष्मा वर ढकलला.

अडचण लगेच कळली. सुताराच्या घरात एकच फोन. सुतार सकाळी तो घेऊन वखारीत लाकूड आणायला जायचा आणि अकरानंतर लोकांच्या घरी कामाला, रात्रीच परतायचा; घरात फोन फक्त दहा ते अकरा. त्या तासात खळी एक तर वर्गात असेल, नाही तर बाईंच्या फोनवर. वर्ग हजेरीत धरला जातो. फोन धरला जात नाही.

"धरता येईल का, सर?" बाईंनी विचारलं. "मी रोज लिहून देईन."

"त्या तक्त्यात रकानाच नाही हो," मुख्याध्यापक म्हणाले. "वर्ग चालू ठेवू द्या तिला. बघो न बघो. हजेरी तरी पडते ना?"

"पण ती विसरतेय, सर."

"पटावर नाव राहिलं तर पुढे शिकवता येईल. नावच गेलं तर कोणाला शिकवाल?"

हे खोटं नव्हतं. वेणीबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "तुझी बाकीची पाच माझ्या वर्गात पाठव, मी सांभाळते. पण त्या पोरीचं तू ठरव. मी नाही सांगणार. उद्या तू मलाच धरशील."

बाईंनी सुताराला सगळं जसंच्या तसं सांगितलं. वर्गात राहिली तर नाव राहील आणि शब्द जातील. माझ्याशी बोलली तर शब्द कदाचित राहतील, पण नाव जाण्याची भीती आहे.

"लाकडाचं असतं तर मी सांगितलं असतं, बाई," तो म्हणाला. मग रंधा फळीवर ठेवल्याचा आवाज आला. "काल तिला पाणी हवं होतं, तिने नुसतं तोंडाकडे बोट नेलं. आईला कळलं नाही, तिने भात वाढला. मग पोरीने ताट फेकलं. नाव ठेवून मी काय करू? तुम्ही फोन लावा."

तीन आठवडे रोज दहाला फोन फळीवर थरथरायचा. पहिले काही दिवस खुणा करताना तो घसरून पडायचा, म्हणून खळीने उचलला की सुतार तो हातात धरून उभा राहू लागला. पडद्याच्या कडेला त्याचा अंगठा दिसायचा, नखात भुसा भरलेला. 'पाणी' चौथ्या दिवशी परत आलं. मग 'बूट', मग 'कुत्रा'. बाई रबराने रेघा पुसत होत्या. 'कात्री' आली नाही. तिसऱ्या आठवड्यात नवीन एकच शब्द त्यांनी दिला, 'उद्या': हात खांद्यापासून पुढे न्यायचा. फोन बंद करताना दोघी रोज ती खूण करायच्या आणि दुसऱ्या दिवशी फोन थरथरायचा, म्हणून खळीला तो शब्द पटकन पटला.

शुक्रवारी यादी आली. एकसष्ट टक्के. सोमवारपासून घराजवळची शाळा, दहा ते पाच.

"मी म्हटलं होतं," मुख्याध्यापक म्हणाले. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, आणि तेच बाईंना सोसवेना. "वर्ग तुम्हीच सोडायला लावलात."

"हो, सर. मीच."

पहिलं साधनही त्यांनीच निवडलं होतं. बाईंनी रात्रीच्या स्वयंपाकाला हात लावला नाही. सासूबाईंनी ताटं घेतली आणि सुनेकडे पाहून टीव्हीचा आवाज आपणहून कमी केला.

शनिवारी दहाला बाईंनी फोन लावला. खळीने उचलला, चष्मा वर ढकलला. बाईंना तिला सांगायचं होतं की आता दुसरी शाळा, तिथे खुणा करणारं कोणी नसेल, तू घाबरू नकोस, यात तुझं काही चुकलं नाही. यातला एकही शब्द खळीकडे नव्हता. बाईंनी तिच्याबरोबर पाणी केलं, बूट केला, आई केली. अर्धा तास गेला. निरोपाची वेळ झाली तेव्हा त्यांचा हात खांद्यापर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

खळी वाट बघत होती. तिने स्वतः खूण केली. उद्या. बाईंनी केली नाही. तिने पुन्हा केली, या वेळी जोरात, आणि तिचा चेहरा ताट फेकायच्या आधीसारखा झाला.

पडदा हलला. सुताराने फोन कशाला तरी टेकवून उभा केला आणि तो लेकीच्या मागे येऊन बसला. बाईंनी त्याची पाठ आठवडाभर पाहिली होती, चेहरा आज पहिल्यांदा नीट पाहिला. त्याने डावा हात खांद्याशी नेला, चुकीचा हात, आणि तो हळूच पुढे सरकवला. मग तोंडाने म्हणाला, "मी संध्याकाळी सहाला घरी येईन, बाई. गिऱ्हाईक ओरडेल, ओरडू दे. दोघांना शिकवा. मला यातलं काही येत नाही."

दिवसभर मुक्या बाकावर बसून आलेली दमलेली पोर, आणि अर्धा तास. बाईंना त्याचा हिशोब करता आला असता. त्यांनी हात पुढे नेला. उद्या.

फोन बंद झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की उद्या रविवार.

"संपली का गं तुझी शाळा?" बाहेरून सासूबाईंनी विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांना ऐकू जावं म्हणून दुसऱ्यांदा मोठ्याने म्हणाल्या, "नाही, आई. उद्या आहे."