पांढऱ्या तळ्याचं चित्र

चौथी पुरी झाली आणि माझी शाळा सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकतील, अक्षर तर कोंबडीच्या पायांचं आहे. ही वही कुणाच्या हाती पडलीच तर मला माफ करावं. तोंडानं सांगायचं मला जमत नाही, म्हणून लिहिते.

तेव्हा आम्ही लोणावळ्याला होतो. आमचे मालक आणि थोरले दीर रेल्वेत खलाशी, आणि आम्ही दोघी जावा चाळीत शेजारी-शेजारी. मी एका बंगल्यावर भांडी घासायला जायची. तिथल्या बाई हवापालटासाठी येऊन राहिल्या होत्या. त्यांनी एक विलायती चित्रांचं पुस्तक मला घरी न्यायला दिलं. म्हणाल्या, "पोरांना दाखव, पण जपून. मला परत हवंय."

त्यात वर्षाचे सगळे ऋतू होते. अक्षरं इंग्रजी, मला एकही लागेना. चित्र बघून मीच सांगायची. मला मूल नव्हतं. जाऊबाईंची पाच वर्षांची मुलगी संध्याकाळी मांडीवर येऊन बसायची. फुलांचं पान आलं की मी म्हणायची, हा चैत्र. पानगळीशी मात्र अडायची, कारण आपल्याकडे पानं माघात झडतात आणि पुस्तकात थंडी त्याच्यानंतर येते. शेवटच्या पानावर पांढरं तळं होतं आणि त्यावर लाल टोप्या घातलेली मुलं उभी होती.

"काकी, ही पान्यावर कशी उभी?"

"थंडीनं पाणी घट्ट झालंय. ठेसनावर भुश्यात गुंडाळून बर्फाची लादी येती ना, तसं."

त्या लादीला तिनं एकदा हात लावला होता.

"आपलं तळं कवा घट्ट व्हतं?"

मी हसून म्हटलं, "पौषात."

मग रोज सकाळी ती दारात यायची. "झालं का?"

"आजून न्हाई. लय थंडी पडू दे."

जाऊबाई चुलीपासून म्हणायच्या, "काय गं दोघींचं सारखं गुलूगुलू? मलाबी सांगा की!"

आपलं तळं घट्ट होत नाही, एवढं पोरीला सांगून टाकायला हवं होतं. पण होतं की नाही, ते मलाच नक्की ठाऊक नव्हतं आणि पोरीपुढं ते कबूल करायची लाज वाटली.

पौष लागला. सकाळी तळ्यावर धुकं साठायचं, पांढरं, सपाट, पलीकडचा काठ गिळून टाकणारं. धुणं घेऊन गेले की मला चित्रातलं पान दिसायचं. तरी पोरीला मी "आजून न्हाई" एवढंच सांगायची.

एके दिवशी बंगल्यावर निघताना कोनाड्यात पुस्तक दिसलं नाही. शेजारी पोरगीही नव्हती. मी अनवाणीच तळ्याकडं पळाले. काठावर नुसतं पांढरं. परटाचं धुणं आपटणं मध्येच थांबलं, मग पाण्याचा खळबळाट झाला आणि धुक्यातून तो पोरीला खांद्यावर टाकून बाहेर आला. तिच्या नाकातोंडातून पाणी गळत होतं.

"पायरीवरनं सरळ चालत गेली की वो," तो म्हणाला, "रस्त्यानं जावं तशी."

पुस्तक पाण्यावर पसरलं होतं.

तीन दिवस पोरगी तापानं फणफणली. तिच्या छातीची घरघर मला भिंतीपलीकडून ऐकू यायची. चौथ्या दिवशी तिनं पेज घेतली, तेव्हा कुठं जाऊबाईंना राग सुचला.

"दुसऱ्याचं पुस्तक चोरून नेतीस?" त्यांनी हात उगारला. पोरीनं माझ्याकडं पाहिलं आणि खाली मान घातली. माझं नाव तिनं घेतलं नाही.

"आक्का, तिला मारू नका," मी म्हटलं. "पौषात तळं घट्ट व्हतं, असं मीच सांगितलं व्हतं."

जाऊबाईंचा हात तसाच वर राहिला.

"आन् तुला कुणी सांगितलं?"

"चित्रात व्हतं."

त्यांनी पोरीला उचललं, आत नेलं आणि दाराला कडी लावली. त्यानंतर कितीतरी दिवस पोरगी माझ्या मांडीवर आली नाही.

थोरले दीर म्हणाले, "पोरीनं भिजवलं, तवा पैसं आमी देतो." जन्मात पहिल्यांदा मी त्यांच्यासमोर "न्हाई" म्हटलं. बाईंनी किंमत साडेतीन रुपये सांगितली. माझ्या पगारातून दरमहा आठ आणे कापून घ्या, म्हणून मीच त्यांना विनवलं. श्रावणात त्यांनी शेवटचे आठ आणे कापले आणि म्हणाल्या, "झाले गं सगळे."