मधमाश्यांचा अंतरपाट

परवा एका लग्नात भटजींनी अंतरपाट धरला आणि मला भर मांडवात मधाचा वास आला. कोपरखैरण्याला आमच्या सोसायटीच्या मीटरबॉक्समध्ये मधमाश्या आल्या होत्या. सेक्रेटरींच्या मते लाखभर, खरं तर मूठभर, त्याही अर्धमेल्या. सेक्रेटरी फवारणीवाल्याला फोन लावणार, तेवढ्यात तळमजल्यावरच्या काकू लाटणं घेऊन आडव्या आल्या, "भाऊ, स्प्रे मारायचा तर आधी माझ्यावर मारा!" मग काकूंच्या ओळखीचा, मधमाश्या पाळणारा एक जण आला. "यांची राणी मेलीये," तो म्हणाला, "एकट्या जगायच्या नाहीत. माझ्या पेटीत घालतो. पण एकदम सोडल्या तर तिथल्या माश्यांशी मारामारी होईल. मध्ये वर्तमानपत्र लावायचं, ते कुरतडेपर्यंत एकमेकींचा वास ओळखीचा होतो." काकू ओरडल्या, "अहो, हा तर अंतरपाट!" झालं! त्याची पेटी गच्चीवर आणून गोरज मुहूर्त धरला, मंगलाष्टकं अशी दणदणली की पार वाशीची कबुतरं उडाली. "मुलीचा मामा कुठाय?" काकूंनी विचारलं, तर सेक्रेटरीच गुपचूप पुढे झाले. नाकावर डंख बसला, पण मीटरबॉक्समधल्या माश्या भरलेलं हातातलं खोकं त्यांनी हलू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी कागदाचा भुगा झाला होता आणि आत सगळ्या एका घरच्या. अजून त्या पेटीतला मध आला की पहिला चमचा सेक्रेटरींचा. म्हणतात, "भाचीच्या सासरचा आहे."